घाऊक मासळी बाजारात पहाटे फोटो काढायचे आहेत: लेन्स, सेटिंग आणि तिथला वावर, सल्ला हवा

पहाटरंग:
गेल्या महिन्यात दोनदा पहाटे चारला घाऊक मासळी बाजारात कॅमेरा घेऊन गेलो आणि दोन्ही वेळा हिरमुसून परतलो. निम्म्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे आले आहेत. रंगांचा तर पार विचका: एका बाजूला सगळं नारिंगी, दुसऱ्या बाजूला हिरवट. पण खरी बोच वेगळीच आहे. डोक्यावर भरलेली पाटी घेऊन एक हमाल येत होते, त्यांना माझ्यामुळे मध्येच थबकावं लागलं. ते काही बोलले नाहीत, पण मला फार लागलं.

एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा आहे आणि सोबत आलेली 18-55 मिमी झूम लेन्स. कुणाला त्रास नको म्हणून सायलेंट मोडवर काढतो. मोठ्या अ‍ॅपर्चरची (जास्त उजेड आत घेणारी) झूम घ्यावी की एखादी प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स? माशांची चमक फार फुटते, त्यासाठी पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) घेऊ का?

निळीवेळ:
पट्ट्यांचं कारण तुमच्या प्रश्नातच आहे. वीज 50 हर्ट्झची असेल तर ट्यूब आणि बरेचसे एलईडी सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. सायलेंट मोडमध्ये बहुतेक कॅमेरे सेन्सर एकेका ओळीने वाचतात, त्यामुळे काही ओळी उजेडात टिपल्या जातात तर काही अंधारात. सायलेंट मोड बंद करा. त्या गोंगाटात शटरचा आवाज कुणालाही ऐकू जाणार नाही. शटर 1/100 किंवा 1/50 सेकंदावर ठेवा. फेकलेली पाटी हवेत थिजवायला 1/500 लागलाच, तर मेकॅनिकल शटर आणि कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर (दिव्याची लुकलुक टाळणारी) सोय वापरा.

रंग नंतर सुधारता यावेत म्हणून रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. मात्र एका चौकटीत दोन जातींचे दिवे असतील तर एकाच व्हाइट बॅलन्सने (दिव्यानुसार रंग जुळवण्याच्या सेटिंगने) दोन्ही सुधारत नाहीत. मी जागा अशी निवडते की माणसाच्या चेहऱ्यावर एकाच दिव्याचा उजेड पडेल, मग पाठीमागे काय व्हायचं ते होवो. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली बाकीचे रंग उजेडातच जवळजवळ नसतात, ते नंतर कुठून आणणार? ते फोटो सरळ कृष्णधवल करा, सुंदर दिसतात.

आणि सूर्योदयाआधीची वीस-पंचवीस मिनिटं सोडू नका. छपराच्या कडेला उभं राहिलं की बाहेरचा निळा उजेड आणि आतले पिवळे दिवे तोडीस तोड होतात. तेवढ्यासाठी मी तीन-तीन तास थांबले आहे.

ओलाकट्टा:
मी लेन्सबद्दल नंतर बोलेन, आधी त्या पाटीबद्दल.

डोक्यावर ओझं असलेला माणूस थांबला की त्याचा तोल जातो, मान अवघडते आणि मागची सगळी रांग तुंबते. पुढच्या खेपेला पहिला तासभर कॅमेरा पिशवीतच राहू द्या. खांबाला टेकून उभे राहा आणि पाट्या कुठून येतात, काट्यावर कुठे जातात, रिकाम्या हातगाड्या कुठल्या वाटेने परततात ते पाहा. एवढ्या गर्दीतही वाटा ठरलेल्या असतात. त्या उमगल्या की खांबाच्या आडोशाची, कोणाच्याच वाटेत न येणारी जागा आपोआप सापडते. मला चांगले फोटो मिळायला लागले ते इथून पुढे, कारण पाटी उतरताना खांदा कधी झुकणार हे आधीच कळायला लागलं.

लिलावात बोली लावणारा आणि पुकारणारा यांच्या मध्ये कधीही उभं राहू नका. पुष्कळदा बोली नजरेने किंवा बोटाच्या खुणेने लागते. फ्लॅश अजिबात नको, हिशेबाच्या वहीवर कॅमेरा नको. बाजाराच्या कार्यालयात आधी विचारून ठेवा, आणि जवळून चेहरा घ्यायचा तर त्या माणसालाही. मान हलवून नाही म्हटलं की विषय संपला.

ट्रायपॉड आणि पाठीवरची फुगीर बॅग घरी ठेवा. रबरी बूट हवेतच. बर्फाचं पाणी आणि खवले यांवरून चांगल्या बुटांचाही पाय सटकतो.

निळीवेळ:
पोलरायझरबद्दल राहिलं. ओल्या फरशीवरची झळाळी तो कमी करतो, माशाची फारशी नाही. तारलीच्या कातडीत ग्वानिनचे दोन तऱ्हेचे स्फटिक असतात आणि त्यांच्यामुळे परतणारा प्रकाश ध्रुवित होत नाही (पोलरायझर फक्त ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश अडवू शकतो), असं ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं. हेरिंग माशाचंही तसंच. म्हणजे दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) गमवायचे आणि चमक तशीच! त्यापेक्षा एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली घ्या आणि दिवा थेट परावर्तित होणार नाही अशा कोनात सरका. माशांचे जवळून फोटो मात्र आल्याआल्याच घ्या. ताज्या माशाचा डोळा फुगीर आणि नितळ असतो, नंतर तो गढुळतो, खोल जातो. फोटोत ते लगेच दिसतं.

ओलाकट्टा:
लेन्स: झूम घेऊ नका. जड असते, आणि दुरून ओढून घेण्याची सवय लावते. 23 मिमीची f/2 प्राइम पुरेल. तोवर तुमचीच लेन्स 18 मिमीवर, f/5.6, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 6400, फोकस हाताने दोन मीटरवर. साधारण सव्वा ते सहा मीटर सगळं स्पष्ट येईल आणि अंधारात ऑटोफोकस चाचपडत बसणार नाही. वाढवलेल्या आयएसओमुळे फोटोत दाणे दिसले तर दिसू द्या.

एसीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर बाष्प धरतं, म्हणून अर्धा तास बंद पिशवीतच ठेवा. तिथे लेन्स बदलू नका. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने बॉडी पुसा, मग कोरड्याने. खारं पाणी आत गेलं तर नुसतं वाळवून भागत नाही.

पहाटरंग:
मनापासून आभार. आज नुसता खांबाला टेकून उभा होतो. काट्याजवळच्या बाईंनी शेवटी स्वतःच विचारलं, "काढायचा नाही का फोटो?" एकच काढला, 1/100 वर, पट्टे नाहीत. त्यांना प्रिंट द्यायची आहे. पहाटेच नेऊ का?

ओलाकट्टा:
लिलाव आटोपून फरशी धुवायला लागतात तेव्हा द्या. आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून न्या, त्यांचे हात ओले असतील.