मदत हवी आहे: सस्पेंडमधून उठल्यावर आय-टू-सी एक्स्पांडरचा इंटरप्ट मुका होतो (कर्नल ६.६, ड्रायव्हर स्वतःचा)

हिंगणा_बोर्ड:

नमस्कार मंडळी. काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागांमध्ये बसवायच्या नोंदणी-डब्याचं काम अडलं आहे. सौर पॅनल, बॅटरी, एआरएम६४ बोर्ड. डबा दर १५ मिनिटांनी आरटीसीच्या (बोर्डावरच्या घड्याळाच्या) गजरावर उठतो, मातीची ओल वाचतो आणि परत झोपतो. /सिस/पॉवर/मेम_स्लीप मध्ये 'डीप' निवडलेलं आहे.

आय-टू-सी बसवर (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या वाटेवर) टीसीए९५५५ हा एक्स्पांडर, म्हणजे जादा इनपुट पाय देणारी चिप आहे, पत्ता हेक्स २०. त्याच्या एका इनपुटवर ठिबकच्या पंपाच्या स्टार्टरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट (पंप सुरू झाला की मिटणारा), दुसऱ्यावर पर्जन्यमापकाचा रीड स्विच. मापक टिपिंग बकेटचा (भरली की उलटणारी छोटी बादली), एका टिपेला ०.२ मिमी. चिपची आयएनटी रेघ (इंटरप्ट, म्हणजे 'इकडे बघ' असा इशारा देणारी) एसओसीच्या, म्हणजे मुख्य प्रोसेसर चिपच्या, जीपीआयओ पायावर, इंटरप्ट फॉलिंग एजवर (रेघ वरून खाली येते त्या क्षणी) मागितलेला. डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला बोर्डाची रचना सांगणाऱ्या फाइलमध्ये) 'वेकअप-सोर्स' लिहिलेलं आहे. थ्रेडेड हँडलर (इंटरप्ट आल्यावर पळणारा आमचा कोड) इनपुट रजिस्टर ० आणि १ वाचतो, बदललेला बिट आणि वेळ वर पाठवतो.

त्रास असा. रात्री थ्री-फेज आली, पंप सुरू झाला की डबा बरोबर उठतो. पण लॉगमध्ये "ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड" ही ताकीद येते, आमचं वाचन -१०८ देऊन फसतं आणि पुढे पंप चालू असेपर्यंत एकही घटना येत नाही, पावसाची टीपसुद्धा नाही. /प्रॉक/इंटरप्ट्स मधला आकडा जागचा हलत नाही. पंप बंद झाला की पुढच्या वेळेपासून पुन्हा सगळं सुरळीत. पंप चालू असतानाच 'आय२सीगेट -एफ' ने रजिस्टर ० हाताने वाचलं, तरी रेघ जिवंत होते. आरटीसीवर उठल्यावर मात्र कधीच काही बिघडत नाही.

आणखी दोन गोष्टी. झोपेत पडलेल्या पावसाच्या टिपेने डबा उठतो, पण टीप मोजली जात नाही. आणि बोर्डाच्या नव्या आवृत्तीत /सिस/पॉवर/स्टेट मध्ये 'मेम' (झोपायचा हुकूम) लिहिल्याबरोबर डबा लगेच जागा होऊन राहिला आहे, जुन्या आवृत्तीत असं नव्हतं.

सस्पेंड कॉलबॅकमध्ये फक्त एनेबल_आयआरक्यू_वेक(), रिझ्यूममध्ये डिसेबल_आयआरक्यू_वेक(). बाकी काही नाही.

तेलंखेडी:

भाऊ, लक्षणं नीट लिहिलीत म्हणून निदान सोपं आहे. बस उठायच्या आधी तुमचा हँडलर पळतो.

झोपताना कर्नल सगळ्या उपकरणांना प्रिपेअर, सस्पेंड, सस्पेंड_लेट, सस्पेंड_नोआयआरक्यू अशा टप्प्यांतून नेतं. उठताना रिझ्यूम_नोआयआरक्यू, रिझ्यूम_अर्ली, रिझ्यूम, कम्प्लीट. एक टप्पा सगळ्यांचा पुरा झाल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही, आणि एका टप्प्याच्या आत उठताना आधी पालक, मग मूल. म्हणून तुमच्या रिझ्यूम कॉलबॅकमध्ये बस हमखास जागी असते. पण हँडलर या क्रमात बसत नाही. इंटरप्ट परत चालू होतात ते रिझ्यूम_नोआयआरक्यू संपल्या संपल्या. तुमच्या बोर्डाच्या आय-टू-सी कंट्रोलरचा ड्रायव्हर साध्या 'रिझ्यूम' टप्प्यात उठत असेल, तर मधल्या वेळात बस 'झोपलेली' अशीच नोंद असते. त्या काळातलं प्रत्येक ट्रान्सफर आय-टू-सी कोअर -ईशटडाउन देऊन परत पाठवतं. तेच तुमचं -१०८.

झोपेत पंपाचा इंटरप्ट आला तेव्हा हँडलर पळालाच नाही. वेकसाठी सज्ज केलेल्या रेघेचं असंच असतं: कर्नल ती बंद करतं, 'बाकी आहे' अशी खूण ठेवतं आणि सिस्टीमला उठवतं. एज हुकू नये म्हणून नोआयआरक्यू टप्पा संपल्यावर तो बाकी इंटरप्ट हँडलरला दिला जातो. हँडलर वाचायला जातो, वाचन फसतं.

आता पुढचा भाग चिपचा. टीसीए९५५५ आयएनटी रेघ खाली ओढून धरते. ती सुटते दोनच कारणांनी: ते इनपुट रजिस्टर वाचलं गेलं, किंवा इनपुट आधीच्या स्थितीला परत गेलं. तुमचं वाचन फसलं आणि पंप चालूच आहे, म्हणजे रेघ खालीच. नवी फॉलिंग एज येणार कुठून? पावसाच्या टिपाही त्याच दाबलेल्या रेघेत हरवतात. हाताने वाचलं की रेघ सुटते, पंप बंद झाला तरी सुटते. आरटीसीवर उठताना एक्स्पांडरचा इंटरप्ट बाकी नसतो, म्हणून तिथे काही दिसत नाही.

खात्री करायची तर पूर्ण झोपेची गरज नाही. /सिस/पॉवर/पीएम_टेस्ट मध्ये 'डिव्हायसेस' लिहा, मग /सिस/पॉवर/स्टेट मध्ये 'मेम'. उपकरणं सस्पेंड होतात, ५ सेकंद थांबतात आणि परत उठतात. त्या ५ सेकंदांत पंपाचा कॉन्टॅक्ट तारेने जोडा. या पातळीवर इंटरप्ट जिवंत असतात आणि बस झोपलेली, म्हणून -१०८ लगेच दिसायला हवा. कर्नलच्या कमांड लाइनवर 'नो_कन्सोल_सस्पेंड' टाकून ठेवा, नाहीतर सिरियलवर मधलं काहीच दिसत नाही. झालं की पीएम_टेस्ट मध्ये 'नन' लिहायला विसरू नका.

उमरेड_रोड:

आयआरक्यूएफ_नो_सस्पेंड हा फ्लॅग लावून पाहा. आमच्याकडच्या एका जुन्या ड्रायव्हरमध्ये तोच आहे, इंटरप्ट झोपेतही चालू राहतो.

तेलंखेडी:

दादा, इथे त्याने दुखणं वाढेल. तो फ्लॅग सांगतो की नोआयआरक्यू टप्प्यातही हँडलर पळू द्या, म्हणजे बस आणखी खोल झोपेत असताना. शिवाय त्याने सिस्टीम उठेलच याची हमी नाही. तो टायमरसारख्या, कोणत्याही बसवर न विसंबणाऱ्या इंटरप्टसाठी आहे. हँडलरमध्ये एमस्लीप टाकून बसची वाट पाहणंही नको. किती थांबायचं ते ठरवताच येत नाही, आणि झोपायला जातानाची बाजू तशीच उघडी राहते.

हिंगणा_बोर्ड, करायचं ते असं. सस्पेंड कॉलबॅकमध्ये डिसेबल_आयआरक्यू(), रिझ्यूममध्ये शेवटी एनेबल_आयआरक्यू(). वेकची तयारी आणि इंटरप्ट चालू-बंद असणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. डिसेबल केलेला इंटरप्ट, वेक लावलेला असेल तर, सिस्टीमला उठवू शकतो. नाही उठवला तर दोष जीपीआयओ-इंटरप्ट चिपच्या ड्रायव्हरमध्ये शोधायचा, तुमच्या नाही.

तुमचं एनेबल_आयआरक्यू_वेक() काढून टाकलं तरी चालेल. डिव्हाइस ट्रीमध्ये 'वेकअप-सोर्स' असला की आय-टू-सी कोअर प्रोबच्या वेळी (ड्रायव्हर उपकरणाला जोडला जाताना) तुमचा आयआरक्यू वेक-आयआरक्यू म्हणून नोंदवतं आणि झोपताना पीएम कोअर तो स्वतः सज्ज करतं. उपकरणाच्या सिसएफएस फोल्डरमध्ये पॉवर/वेकअप 'एनेबल्ड' दिसतं ना, एवढं पाहा.

डिसेबल_आयआरक्यू() चालू असलेला थ्रेडेड हँडलर संपेपर्यंत थांबतं. म्हणून हँडलर घेतो तोच म्यूटेक्स (कोडमधलं कुलूप) हातात धरून ते बोलावू नका, दोघं एकमेकांची वाट पाहत बसतील. झोपताना ड्रायव्हर कायमचा लटकला की बहुतेक वेळा हेच सापडतं.

आणि एज सोडून लेव्हल-लो (रेघ खाली असेपर्यंत इंटरप्ट) घ्या, वनशॉट (हँडलर संपेपर्यंत रेघ बंद ठेवणारा फ्लॅग) सकट. चिपची रेघ वाचेपर्यंत खाली राहते, म्हणजे स्वभावाने ती लेव्हलच आहे. रिझ्यूममध्ये एनेबल केल्याबरोबर रेघ खाली असेल तर हँडलर पळेल, बस जागी असेल, वाचन होईल, रेघ सुटेल. पण डिसेबलशिवाय नुसतं लेव्हल करू नका. बस उठेपर्यंत हँडलर पुन्हा पुन्हा पळत राहील. कंट्रोलरला उठायला उशीर झाला आणि तुम्ही आयआरक्यू_नन ('हा इंटरप्ट माझा नाही') परत करत असाल, तर १,००,००० पैकी ९९,९०० वेळा कुणी दखल घेतली नाही असं पाहून कर्नल "नोबडी केअर्ड" लिहितं आणि ती रेघ बंद करून टाकतं.

हिंगणा_बोर्ड:

ताई, लागू पडलं. 'डिव्हायसेस' पातळीवर आधी -१०८ आला. बदल केल्यावर नाही. मग 'आरटीसीवेक -एम मेम -एस ३०' लावून मधे कॉन्टॅक्ट जोडला: डबा उठला, पंपाची घटना आली, पंप चालू असतानाही रेघ जिवंत. पावसाची टीप मात्र अजूनही मोजली जात नाही, आणि नवीन बोर्ड अजून झोपत नाही.

पारडी_सर्किट:

या दोन्ही गोष्टी तांब्याच्या, म्हणजे हार्डवेअरच्या आहेत, त्यामुळे मी लिहितो.

नवीन बोर्ड आधी. आयएनटी ओपन-ड्रेन आहे, म्हणजे चिप तिला फक्त खाली ओढू शकते; वर धरायला पुल-अप रेझिस्टर लागतो. स्कीमॅटिकवर पाहा, तो पुल-अप कोणत्या रेलवर (वीजपुरवठ्याच्या रेघेवर) गेला आहे. झोपेत बंद होणाऱ्या सेन्सर रेलवर असेल, तर रेल पडताच रेघ खाली येते आणि सिस्टीमला वाटतं इंटरप्ट आला. मीटरने आयएनटी आणि रेल दोन्ही धरा, 'मेम' लिहिताच दोन्ही सोबत पडतील. /सिस/पॉवर/पीएम_वेकअप_आयआरक्यू मध्ये कुणी उठवलं तो आयआरक्यू क्रमांकही मिळतो. उपाय म्हणजे १० किलोओहमचा पुल-अप सतत चालू ३.३ व्होल्टवर हलवा. चिपचा स्वतःचा पुरवठाही तिथेच हवा, वेक देणाऱ्या चिपची वीज कापता येत नाही. रेल पीएमआयसीतून (वीज सांभाळणाऱ्या चिपमधून) येत असेल तर डिव्हाइस ट्रीत त्या रेग्युलेटरच्या 'रेग्युलेटर-स्टेट-मेम' मध्ये 'रेग्युलेटर-ऑन-इन-सस्पेंड' लिहूनही भागतं, पण मग त्या रेलवरचे बाकीचे सेन्सरही रात्रभर वीज खातील. बोर्डात एक रेझिस्टर हलवणं बरं.

तिथे हात घातलाच आहे तर हेही पाहा. टीसीए९५५५ च्या प्रत्येक पायाला आत १०० किलोओहमचा पुल-अप आहे. कॉन्टॅक्ट जमिनीला जोडलेला राहिला की ३३ मायक्रोअँपिअर जातात. एका पंपासाठी चालेल, सगळे १६ पाय तसे बांधले तर अर्ध्या मिलिअँपिअरच्या वर जाईल. आणि आयएनटी खाली अडकली असेल तेव्हा १० किलोओहममधून ०.३३ मिलिअँपिअर. पावसाळ्यात चार दिवस ऊन नसतं तेव्हा हे हिशोबात धरा.

आता टीप. बकेट उलटताना रीड स्विच सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास मिटतो आणि उघडतो. उघडला की इनपुट जुन्या स्थितीला, आणि वर ताईंनी लिहिलं तसं रेघ आपोआप सुटते. बोर्ड उठून वाचतो तेव्हा चिपमध्ये टिपेची काहीच खूण नसते. सॉफ्टवेअरने ही टीप परत मिळणार नाही.

दोन रस्ते आहेत. एक, पर्जन्यमापक एक्स्पांडरवरून काढून एसओसीच्या वेक-सक्षम जीपीआयओवर थेट आणा आणि जीपीआयओ-कीज ड्रायव्हरला द्या, 'वेकअप-सोर्स' सकट. त्या ड्रायव्हरमध्ये ही सोय आहेच: झोपेत आलेली कळ हँडलर पळेपर्यंत सुटलेली असली तरी तो दाबल्याची नोंद देतो. मला हाच पसंत आहे. दोन, पाय मोकळा नसेल तर टीसीए९५५५ च्या जागी पीसीएएल९५५५ए. तिच्यात इनपुट लॅच आहे, रजिस्टर हेक्स ४४ आणि ४५. लॅच लावला की बदललेली स्थिती वाचेपर्यंत धरून ठेवली जाते. मात्र त्या चिपचे इंटरप्ट सुरुवातीला झाकलेले असतात. हेक्स ४ए आणि ४बी मध्ये आपल्या पायांचे बिट शून्य केले नाहीत तर आयएनटी कधी हलणारच नाही. कर्नलचा पीसीए९५३एक्स ड्रायव्हर वापरला तर इंटरप्ट लावलेल्या पायांचा लॅच तो स्वतःच चालू करतो.

हिंगणा_बोर्ड:

मापक थेट जीपीआयओवर घेतो, एक पाय मोकळा आहे. पण जोराच्या पावसात टिपा लागोपाठ येतील. आमची स्क्रिप्ट काम संपलं की /सिस/पॉवर/स्टेट मध्ये 'मेम' लिहिते. नेमकी त्याच क्षणी टीप आली तर?

तेलंखेडी:

ताशी ६० मिमी पाऊस धरा: ०.२ मिमीच्या ३०० टिपा, म्हणजे दर १२ सेकंदांना एक. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तसल्या पावसात त्याहून दाट. झोपायला निघालेल्या डब्यावर टीप येणं हे रोजचं धरूनच स्क्रिप्ट लिहा.

आधी /सिस/पॉवर/वेकअप_काउंट वाचा. कुठलीही वेक-घटना चालू असेल तर हे वाचन ती संपेपर्यंत थांबूनच राहतं. मिळालेला आकडा हातात ठेवून बाकीची नोंद डिस्कवर टाका, मग तोच आकडा त्याच फाइलमध्ये परत लिहा. दरम्यान नवी घटना आली असेल तर लिहिणं फसतं. तसं झालं तर झोपायचं नाही, पहिल्यापासून सुरू करायचं. लिहिणं जमलं तरच 'मेम'. त्यानंतर घटना आली तर कर्नल स्वतः सस्पेंड अर्ध्यात सोडतं.

पंपाच्या हँडलरमध्ये पीएम_वेकअप_इव्हेंट() बोलवा, ५००० मिलिसेकंद देऊन, म्हणजे वरच्या प्रोग्रामला घटना उचलायला वेळ मिळतो. जीपीआयओ-कीज वेक-कळांसाठी आपल्या बाजूने घटना नोंदवतोच. पण लक्षात घ्या, या नोंदींमुळे झोप थांबते ती वेकअप_काउंटचा रस्ता धरला तरच. सरळ 'मेम' लिहिणाऱ्या स्क्रिप्टला त्या अडवत नाहीत.

आणि पाऊस सुरू असताना झोपूच नका. शेवटच्या टिपेनंतर दोन मिनिटं शांत गेली की मग वेकअप_काउंट वाचायला घ्या. इतक्या दाट टिपांमध्ये दर वेळी सगळा बोर्ड झोपवण्या-उठवण्यात बॅटरी वाचत नाही, जास्तच जाते.