केमोच्या दिवसांत पळणं, केमोनंतर पळणं : तुमचा अनुभव लिहा

धागाकर्ती, राजारामपुरी

ऑक्टोबर म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीचा महिना. तो आला की इथे कोल्हापुरात रंकाळ्यावर गुलाबी टी-शर्ट दिसायला लागतात. चांगलंच आहे, त्या निमित्ताने एखादीने जरी गाठ वेळेत दाखवली तरी पुष्कळ झालं. पण एरवी वर्षभर ज्या बायका ओढणीखाली केमोपोर्ट (औषध शिरेत सोडायला छातीवर कातडीखाली बसवलेली छोटी डबी) घेऊन पहाटे चालतात, आणि त्यातल्या काही पुढे पळायला लागतात, त्यांचं कुठे लिहिलेलं सापडत नाही. स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं तेव्हा औषधांची माहिती मला ढिगाने मिळाली. "केमो चालू असताना पळू का?" याचं उत्तर मात्र शेजारणीपासून मावसबहिणीपर्यंत सगळ्यांकडे एकच होतं. पडून राहा.

माझ्या डॉक्टरांनी नेमकं उलट सांगितलं. पडून राहिलं की हा थकवा वाढत जातो. २०१९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने कर्करोगाच्या रुग्णांसाठी सांगितलं ते असं : आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास, मध्यम व्यायाम. दम लागावा, पण बोलता यावं. त्याने थकवा उतरतो, काळजी आणि उदासीही कमी होते. आता कागदावरचा अर्धा तास आणि लाल औषधानंतरच्या आठवड्यातला अर्धा तास यांत किती अंतर असतं ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच ठाऊक. त्या अंतराबद्दल इथे लिहावं अशी माझी विनंती आहे.

लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन, केमोतलं लाल रंगाचं औषध. माझी केमो तीन आठवड्यांच्या अंतराने होती. पहिला आठवडा देवघर ते गॅलरी एवढाच. तोंडात फोड आलेले, तांबडा रस्सा तर लांबच, आईचा पांढरा रस्साही मिरी न घालता, कोमट करून घोट घोट घ्यायचा. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात, म्हणून गर्दीत जायचं नाही. त्या वर्षी जोतिबाची चैत्र यात्रा घरूनच हात जोडून केली. तिसरा आठवडा मात्र माझा असायचा. पहाटे रंकाळ्याच्या काठाने दिव्याच्या दोन खांबांमधलं अंतर पळायचं, पुढचे दोन खांब चालायचं.

केस जाणार हे सगळेच सांगतात. भुवया आणि पापण्याही जातात. मग कपाळावरचा घाम अडवायला काही उरत नाही, तो सरळ डोळ्यांत उतरतो. नाकातले केसही गेलेले असतात, म्हणून नाक सारखं वाहतं. मी एक सुती रुमाल कपाळाला बांधायचे आणि एक मनगटाला. डोक्यावरचा स्कार्फ भिजून मागे सरकायचा. शालिनी पॅलेसच्या अंगाला एकदा तो सोडून कमरेला गुंडाळला. टकलावर गार वारा लागला. रोज समोरून येणाऱ्या एका आजोबांनी रोजच्यासारखीच मान हलवली आणि ते पुढे गेले. त्यांचे मी आजही उपकार मानते.

पळण्याने माझा कर्करोग बरा झाला असं मी म्हणणार नाही. तो शस्त्रक्रियेने, औषधांनी आणि रेडिएशनने बरा झाला. पण तपासणीची तारीख दुसरं कुणी ठरवायचं, सुईसाठी शीर दुसरं कुणी शोधायचं, सकाळी बूट घालायचे की नाही एवढं मी ठरवायचे. ते मला फार मोलाचं होतं.

तुम्ही काय केलंत, काय टाळलंत, काय घातलंत, घरचे काय म्हणाले, सगळं लिहा. डॉक्टरांची आणि दवाखान्यांची नावं नकोत. किती मिनिटांत किती किलोमीटर हेही नको.

शाहूपुरी, बँकेत नोकरी

मी आधीपासून पळणारी. त्यामुळे मला "थांब" म्हणणारेच जास्त भेटले. लाल औषध संपून दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे केमोचं दुसरं औषध, सुरू झालं तेव्हा वाटलं, आता सोपं. उलट्या नव्हत्याच. पण काही आठवड्यांत तळपायांना मुंग्या आल्या आणि मग तळवे बधिर झाले. पायाखाली खडा आला तरी कळेना. रस्त्यावर पळणं सोडलं आणि पोलीस ग्राउंडवर सपाटीला आले. रात्री झोपताना जमिनीवर आरसा ठेवून तळवे बघायचे, कुठे फोड किंवा चीर आहे का. बधिर पायाला झालेली जखम दुखत नाही, आणि केमोत ती चिघळते.

बूट अर्धा नंबर मोठे घ्या. या औषधाने पायाची नखं काळी पडतात, सुटतात. बूट जरा जरी लागला तरी अंगठ्याचं नख हातात येतं.

माझी गाठ हर-टू पॉझिटिव्ह होती, म्हणजे तिच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त होतं, म्हणून पुढे वर्षभर दर तीन आठवड्यांनी त्यावरचं इंजेक्शन, ट्रास्टुझुमॅब. त्यात दर तीन महिन्यांनी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात, कारण लाल औषध आणि हे इंजेक्शन दोन्ही हृदयावर येऊ शकतात. एका इकोत माझ्या हृदयाचं पंपिंग कमी आलं. दम लागत नव्हता, पाय सुजले नव्हते, मला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं. डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलं, हृदयाच्या गोळ्या दिल्या आणि पळणंही बंद केलं. त्या काळात मी फक्त चालले, तेही सावकाश. पुढचा इको नीट आला आणि दोन्ही पुन्हा सुरू झालं. म्हणून पळणाऱ्या बायांना माझं कळकळीचं सांगणं आहे : "मला तर काही होत नाही" यावर जाऊ नका, इकोची तारीख चुकवू नका.

शिरोली

मी कधी पळाले नव्हते. शाळेत असताना लंगडी खेळले तेवढंच. रेडिएशनला रोज कोल्हापुरात यायचं, सोमवार ते शुक्रवार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, रस्ता बंद, आणि माझं रेडिएशन मधेच राहिलं. कातडी काखेखाली काळी पडून सोलायला लागलेली. फोनवर डॉक्टर म्हणाले, राहिलेले दिवस शेवटी पुरे करू, घाबरू नका. घाबरू नका म्हटलं तरी रात्रीची झोप कशी लागायची? मग मी गच्चीवर चालायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाऊस थांबला की. खाली सगळीकडे पाणीच पाणी, जनावरं ओरडायची. आत्ती जिन्यातनं हाक मारायच्या, "पडशील गं, खाली ये की." मी म्हणायचे, "आलो आत्ती, एवढी एक फेरी." आणि फेऱ्या वाढवत न्यायचे.

पाणी ओसरल्यावर रेडिएशन पुरं झालं. चालायची मात्र सवय लागली होती. मग शाळेच्या मैदानावर जायला लागले, उजाडायच्या आत. आधी साडीवर, मग पंजाबी ड्रेसवर, आता ट्रॅक पँटवर. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आजारपणातनं उठली आणि हे काय सुरू केलं. आत्तीच त्यांना म्हणाल्या, "तिला पळू दे. तुम्ही तिच्यासोबत दवाखान्यात रात्री काढल्यासा काय?"

एक उपयोगाचं सांगते. रेडिएशनच्या जागी ब्राची शिवण आणि इलॅस्टिक अजिबात सोसत नाही. मी मिस्टरांचा जुना मऊ सुती बनियन उलटा करून घालायचे, शिवणी बाहेर. त्यावर सैल कुर्ता. पावडर नाही, अत्तर नाही, डॉक्टरांनी दिलेलं मलम तेवढंच. कातडी पूर्ण भरून आल्यावरच स्पोर्ट्स ब्रा घातली.

धागाकर्ती

शिरोलीच्या ताई, बनियनची युक्ती सगळ्यांच्या कामाची आहे. माझ्या पोर्टवर पट्टा घासायचा, तेव्हा हे सुचलं असतं तर किती बरं झालं असतं.

उद्यमनगर

मी पुरुष आहे. इथं लिहावं की नाही या विचारात बरेच दिवस गेले. स्तनाचा कर्करोग पुरुषालाही होतो, शंभर रुग्णांत एखादा असतो. लेथवर काम करताना छातीला काही लागलं असेल असं आधी वाटलं, पण बोंड आत ओढलं गेलं होतं आणि मागे टणक गाठ होती. शस्त्रक्रिया झाली, आता टॅमॉक्सिफेन चालू आहे. बायकांना देतात तीच गोळी. मलाही एकदम अंगातनं वाफा निघतात, घाम फुटतो.

माझं सगळं तरुणपण तालमीत गेलं. अंगावर लंगोट, छाती उघडी. आता एका बाजूला आडवा व्रण आहे. तालमीत जाणं बंद झालं, कोणी काही बोललं नाही तरी बंद झालं. त्याच्या जागी पळणं आलं. घरातनं निघून सायबर चौकावरून विद्यापीठापर्यंत आणि परत. टी-शर्ट घालून पळणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. गेल्या पावसाळ्यात वस्तादांनी घरी येऊन सांगितलं, "ये, नुसता बसायला ये." गेलो. पोरांच्या जोर-बैठका मोजल्या. एका पोराने व्रणाबद्दल विचारलं, मी सरळ सांगितलं, आणि तुझ्या वडिलांना झाला तर तेही दाखवतील असं बघ म्हणालो.

पुरुषांनो, गाठ लागली तर दाखवा. बाकी मला जास्त लिहिता येत नाही.

ताराबाई पार्क, फिजिओथेरपिस्ट

मी रुग्ण नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या बायकांचा एक प्रश्न इथे यायलाच हवा. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, लिम्फिडीमा. पूर्वी सांगायचे, त्या हाताने कळशीसुद्धा उचलू नका. २००९ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सूज असलेल्या बायकांनी देखरेखीखाली अगदी थोड्यापासून सुरुवात करून वजनं उचलली, आणि सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. म्हणून हात बांधून ठेवू नका, हळूहळू कामाला लावा. आधी भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायचा, खांदा मोकळा करायचा. खांदा आखडलेला असताना पळलं की मान आणि पाठ दुखतेच.

पळताना हात बराच वेळ खाली लोंबता ठेवू नये. मधेमधे वर करून मूठ उघडझाप करा. सूज असेल तर मापाची दाबाची बाही घालून पळा. माप मात्र फिजिओकडून घ्या, दुकानातून अंदाजाने नको. आणि रोजची खूण म्हणजे बांगडी. पळून आल्यावर त्या हातातली बांगडी रोजच्यापेक्षा घट्ट वाटली आणि दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली, तर दाखवायला या. हात लाल आणि गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. त्यात थांबायचं नाही.

कळंबा, निवृत्त शिक्षिका

माझ्या गोळीचं नाव लेट्रोझोल, कर्करोग परतू नये म्हणून देतात ती हार्मोनची गोळी. कर्करोगापेक्षा या गोळीने मला जास्त रडवलं. सकाळी उठलं की बोटं मिटत नाहीत, गुडघे धरलेले, जिना उतरताना कठडा सोडवत नाही. गोळी बंद करावी इथपर्यंत मन गेलं होतं. डॉक्टरांनी समजावलं की याच दुखण्यापायी बायका गोळी सोडतात, आणि व्यायामाने ते कमी होतं असं २०१५ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं आहे. पटलं नाही, तरी सुरू केलं. कळंबा तलावाकडे मातीच्या वाटेने आधी भरभर चालणं, मग अंगात ऊब आल्यावर थोडं पळणं. पहिला महिनाभर काही फरक नाही. मग एक दिवस ध्यानात आलं, आज डब्याचं झाकण मीच उघडलं.

ही गोळी हाडंही ठिसूळ करते. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घ्या, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचारा. माझी हाडं विरळ निघाली, म्हणून डांबरी रस्त्यावर पळायचं नाही असं मी ठरवलंय.

जवाहरनगर, मुलगी

आई पूर्वी पळायची. पहिल्या उपचारांनंतर पाच किलोमीटरच्या शर्यतीतही उतरली होती, तिचं पदक टीव्हीजवळ आहे. आता आजार हाडांत आलाय, पाठीच्या मणक्यात आणि मांडीच्या हाडात. डॉक्टरांनी पळणं, उड्या, वाकून वजन उचलणं सगळं बंद सांगितलंय, हाड मोडायची भीती आहे. धागा वाचताना आधी तिला दाखवू नये असं वाटलं. मग दाखवला. तिने सगळा वाचला, बनियनचं वाचून हसली, आणि म्हणाली, "लिही त्यांना, मी चालते."

विद्यापीठाच्या आवारात झाडांच्या सावलीत आम्ही दोघी जातो. किती चालायचं ते फिजिओने ठरवून दिलंय. तिला पळणाऱ्यांच्या वेळेलाच जायचं असतं. कोणी जवळून गेलं की ती त्यांच्या पावलांकडे बघते आणि मला सांगते, हिची टाच जोरात पडतीय, हिला गुडघा दुखेल. एकदा एका मुलीला थांबवून सांगितलं सुद्धा. ती मुलगी आता रोज तिला हात करते.

नवी सभासद, कसबा बावडा

माझी पहिली केमो पुढच्या आठवड्यात आहे. मी कधी पळालेली नाही. चालते रोज. काय करू?

धागाकर्ती

ताई, केमोच्या आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचार : माझा इको कसा आला, आणि हिमोग्लोबिन किती आहे. मग सरळ विचार, मी चालू का, पळू का. ते नाही म्हणाले तर का नाही, तेही विचार. पहिल्या फेरीत पळायचा विचारच नको. तुझं रोजचं चालणं आहे ते टिकवायचं, नाही जमलं त्या दिवशी गॅलरीत दहा मिनिटं. कुठला दिवस वाईट जातो, कुठल्या दिवशी तोंडाला चव येते, ते कॅलेंडरवर लिहून ठेव. दुसऱ्या फेरीत तेच दिवस साधारण तसेच येतात, मग चांगल्या दिवसांत दोन खांब पळून बघ. सोबत कुणीतरी असू दे, फोन खिशात असू दे. छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड थांबेना तर तिथेच बसायचं आणि फोन लावायचा. ताप १००.४ च्या वर गेला तर घरी गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही, रात्रीचे कितीही वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. तुझ्या केमोच्या वॉर्डचा नंबर आजच घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेव. पहिली फेरी झाली की इथे लिही, मी वाट बघते.