लहान मूल दुचाकीवर: हार्नेस आणि हेल्मेटचा नियम नाशकात कडक लागू करावा का?

गोदाकाठ (धागाकर्ता)
शाळा सुटायच्या वेळी कॉलेज रोडला किंवा इंदिरानगरला थोडा वेळ उभं राहून बघा. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि पुढे उभ्या केलेल्या पोराचं डोकं उघडं असतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या शहरात ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ ही मोहीम झाली. पण पंपावर विचारणा व्हायची ती चालवणाऱ्याला, पोराच्या डोक्याचं कुणी विचारलं नाही.

नियम मात्र स्पष्ट आहे. केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचना काढली आणि एक वर्षाने ती लागू झाली. चार वर्षांखालचं मूल मागे बसवायचं असेल तर तीन गोष्टी हव्यात: मुलाला चालवणाऱ्याशी जोडून ठेवणारा पट्ट्यांचा हार्नेस, नऊ महिन्यांपासून पुढे मुलाच्या मापाचं हेल्मेट (सायकलचंही चालतं) आणि ताशी ४० किलोमीटरच्या आत वेग. चार वर्षांपुढच्या मुलाला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मोठ्या माणसासारखंच हेल्मेट सक्तीचं आहे. मोडल्यास १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र.

माझं मत: वाहतूक पोलिसांनी हा नियम शाळांच्या दारातच लागू करावा. समजावणं पुरे झालं.

सातपूरची आई
पुरे झालं म्हणता, पण समजावलं कधी आणि कुणी? माझ्या ओळखीत हार्नेस हा शब्दच कुणाला ठाऊक नाही. मी एमआयडीसीत कामाला जाते, पहिली पाळी असते. मुलीला वाटेत पाळणाघरात सोडायचं असतं. त्या वेळेला शहर बस आमच्या कॉलनीत येत नाही आणि रोज रिक्षा केली तर पगारातलं काय उरणार? मी ओढणीने तिला पाठीशी घट्ट बांधते. हजाराची पावती आणि वर लायसन्स गेलं तर माझी नोकरी जाते. ज्याच्याकडे कार आहे त्याला हा नियम सोपा वाटतो.

गोदाकाठ
ताई, माझ्याकडेही दुचाकीच आहे. तुम्ही बांधता म्हणजे धोका तुम्हाला कळतो. पण ओढणीची गाठ सरकते, आणि तिचं टोक चाकात गेलं तर दोघी पडाल.

जेलरोडकर
मला मुळात हार्नेसच पटत नाही. द्वारका चौकात आग्रा रोड आणि पुणे रोड एकत्र येतात, तिथे ट्रक, बस, रिक्षा सगळं अंगावर येतं. गाडी घसरली तर बांधलेलं पोर बापासोबत फरफटत जाणार. सुटं असेल तर निदान बाजूला तरी पडेल.

अपघात विभागातली नर्स
जेलरोडकर दादा, हे फार लोक म्हणतात आणि ते चूक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सुटं पोर बाजूला गवतावर पडत नाही, ते मागून येणाऱ्या गाडीच्या पुढ्यात पडतं. शिवाय आमच्याकडे येणारी सगळी मुलं मोठ्या टकरीतली नसतात. मूल पेंगतं, पकड सुटते, एका गतिरोधकाला गाडी उसळते आणि ते खाली. मागे बसलेल्या मुलाचे पाय फूटरेस्टपर्यंत पोचत नाहीत, लोंबकळतात आणि टाच स्पोकमध्ये जाते. टाचेची कातडी सोलून निघते, कधी हाडापर्यंत. ते बरं व्हायला आठवडे जातात.

टाकीवर बसवलेलं किंवा स्कूटरला पुढे उभं केलेलं मूल तर सर्वात वाईट जागी असतं. ब्रेक दाबला की त्याचं तोंड हँडलवर आणि मागून आपलं पूर्ण वजन त्याच्यावर. सिग्नलला गाडी चालू असताना पोराने अ‍ॅक्सिलरेटर पिळला तर गिअर नसलेली स्कूटर उडी घेते.

हार्नेसने टक्कर वाचत नाही, हे मान्य. त्याचं काम मूल खाली पडू न देणं एवढंच. डोकं वाचवतं ते हेल्मेट. जगभरातल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वारांचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्के कमी झालेला दिसतो. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, ते आधी आपटतं. वडिलांचं हेल्मेट पोराला घालू नका, ते पहिल्या झटक्यात निघतं. भुवयांच्या वर टेप धरून माप घ्या आणि हनुवटीखालचा पट्टा लावा.

दिंडोरी रोड
खरा प्रश्न कुणी काढतच नाहीये. नवरा, बायको आणि मधे पोर: हे कायद्यात बसतं का?

गोदाकाठ
नाही. कलम १२८ म्हणतं, चालवणाऱ्याशिवाय एकच व्यक्ती. वयाची सूट त्यात नाही. हार्नेसच्या नियमाने तो भाग बदलला नाही.

दिंडोरी रोड
मग वणीच्या गडाला जाणारी निम्मी कुटुंबं गुन्हेगार ठरतात! केरळमध्ये २०२३ ला रस्त्यांवर एआय कॅमेरे लागले तेव्हा हाच वाद झाला. तिथल्या सरकारने केंद्राकडे बारा वर्षांखालच्या मुलांसाठी सूट मागितली आणि तोवर दंड करणार नाही असं जाहीर केलं. महाराष्ट्रानेही मागावी. द्राक्षाच्या हंगामात बागेवर जाणाऱ्या मजुराने पोराला कुठे ठेवायचं?

अपघात विभागातली नर्स
सूट मागून हाड मोडायचं थांबत नाही. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यातली जवळपास ४४.५ टक्के दुचाकीवरची. मजुराची अडचण खरी आहे, पण तिचं उत्तर ‘तिघे बसा’ हे नाही.

दिंडोरी रोड
मग काय आहे, ते तरी सांगा. गावाकडे बस दिवसातून मोजक्या वेळा. तुम्ही फक्त ‘नको’ सांगता. पोराला घरी एकटं ठेवणं जास्त सुरक्षित आहे का?

नवा बाबा
आमचं बाळ सहा महिन्यांचं आहे. हेल्मेटचा नियम नऊ महिन्यांपासून आहे. म्हणजे त्याआधी बंधन नाही असं समजायचं का?

अपघात विभागातली नर्स
अजिबात नाही. एवढ्या बाळाची मान हेल्मेटचं वजन पेलत नाही आणि हार्नेसमध्ये ते नीट बसूही शकत नाही. लसीकरणाला जाताना रिक्षाच करा. त्या दिवशीचे पैसे वाचवू नका.

सातपूरची आई
नर्सताईंचं स्पोकचं वाचून मी स्कूटरला मागे चाकाचं कव्हर आहे का ते खाली जाऊन बघितलं. हार्नेस घेईन, सायकलचं हेल्मेटही घेईन, ओढणी बंद. पण गोदाकाठ, तुमच्या मागणीला माझा विरोध कायम आहे. शाळेच्या दारात पोरासमोर आईची गाडी अडवून पावती फाडू नका. पोलिसांनी पहिल्या वेळी त्या हजारात तिथेच मुलाच्या मापाचं हेल्मेट द्यावं.

गोदाकाठ
हेल्मेट द्यायचं पटलं, आणि लगेच दंड ही माझी मागणी मी मागे घेतो. पण दुसऱ्या वेळी तीच गाडी, तेच उघडं डोकं दिसलं तर? तिथे दंड हवाच.

सातपूरची आई
दंड घ्या. लायसन्स नको. तीन महिने गाडी बंद झाली की मुलगी शेजारच्यांच्या गाडीवर जाईल, आणि त्यांच्याकडे हार्नेस नसेल.