गावतळ्यातील पाणवेली : फवारणी, भुंगेरे की पोकलेन?

प्रश्न – शिवारकर, दिंडोरी तालुका

आमच्या गावाचा पाझर तलाव सुमारे 3 हेक्टरांचा असून गेली तीन वर्षे तो पाणवेलींनी, म्हणजे पुस्तकी भाषेत जलपर्णीने, झाकला जात आहे. मागील वर्षी गणपतीनंतर लोकवर्गणी काढून पोकलेनने बहुतेक वेली काठावर ओढल्या, परंतु दिवाळी सरते न सरते तोच तलाव पुन्हा हिरवागार झाला. आता कोणी तणनाशक सुचवतो, तर कोणी पाणवेली खाणारे भुंगेरे सोडा म्हणतो. तलावातील पाणी जनावरे पितात, तसेच काठावरच्या द्राक्षबागांच्या ठिबकलाही तेच जाते. ग्रामसभेपुढे कोणता उपाय ठेवावा?

उत्तर 1 – द्राक्षबागायतदार, निफाड

फवारणीचा विचार कृपया आत्ताच सोडून द्या. पाणवेलींवर जगभर वापरले गेलेले टू-फोर-डी हे तणनाशक द्राक्षवेलीला अत्यंत घातक आहे. वाऱ्याबरोबर त्याचा अंश आला तरी पाने पंख्यासारखी आक्रसतात, आणि तुम्ही तर तेच पाणी ठिबकने मुळाशी देणार आहात. शिवाय फवारलेल्या वेली पाण्यातच कुजतात, कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात. दुकानदार हे सांगणार नाही, कारण त्याला डबा विकायचा असतो.

उत्तर 2 – निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक, नाशिक

वरील मताशी मी सहमत आहे. आपल्या तलावात मागील वर्षी काय घडले, ते आधी पाहू. अनुकूल हवामानात आणि सकस पाण्यात पाणवेलीचा पसारा साधारण एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होतो. पोकलेनने शंभरातील पंचाण्णव भाग काढून केवळ पाच भाग कडेच्या गवतात अडकून राहिले, असे धरले, तर पाचाचे दहा, दहाचे वीस, चाळीस, ऐंशी असे होत दोन महिन्यांत तलाव भरतो. म्हणजे काम वाईट झाले नव्हते; ते मागे राहिलेल्या पाच भागांपाशी थांबले, एवढेच. त्यातच या वनस्पतीचे बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते आणि पाणी ओसरून काठाचा चिखल उघडा पडला की रुजते.

भुंगेऱ्यांचा उपाय खरा आहे. निओचेटिना जातीचे हे दक्षिण अमेरिकेतील भुंगेरे 1980च्या दशकाच्या सुरुवातीस बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेमार्फत भारतात आणले गेले. प्रौढ भुंगेरा पाने खरवडतो, अळी देठ पोखरत कंदापर्यंत जाते आणि झाड हळूहळू खचते. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात त्यांचा चांगला उपयोग झाला, मात्र परिणाम दिसायला काही वर्षे लागली. सांडपाण्यामुळे पाणी फार सकस असेल, तर भुंगेऱ्यांच्या खाण्यापेक्षा वेलींची वाढच वेगवान ठरते. म्हणून दोन गोष्टी कळवा : उन्हाळ्यात तलाव आटतो का, आणि गावातील गटार त्यात येते का?

शिवारकर

एप्रिलअखेर तलाव जवळजवळ कोरडा पडतो. गावठाणाची गटारे पूर्वेच्या नाल्यातून थेट तलावात येतात.

उत्तर 2 (पुढे)

मग भुंगेऱ्यांवर पैसे घालवू नका. तलाव आटला की वेलींबरोबर तेही मरतील. पावसात बी पुन्हा उगवेल, भुंगेरे मात्र परत येणार नाहीत. उलट तलावाचे आटणे हीच आपली जमेची बाजू आहे. दाट थराच्या एका हेक्टरात ओल्या पाणवेली 200 ते 400 टन भरतात आणि त्यात नऊ दशांशांहून अधिक पाणीच असते. सप्टेंबरमध्ये आपण पोकलेनला पैसे दिले ते प्रामुख्याने पाणी उचलण्यासाठी! मे महिन्यात त्याच वेली तळावर वाळलेल्या मिळतील आणि कितीतरी कमी ट्रॉल्यांत काम आटोपेल. वाट पाहिल्याने थोडे बी वाढेल, हे खरे. पण तीन वर्षांचे बी गाळात पडलेलेच आहे.

त्यानंतर वरचा गाळ काढून शेतकऱ्यांना द्यावा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही शासनाची योजना 2017 पासून आहे. तिची चौकशी तालुक्याच्या ठिकाणी करावी. कोरड्या शेतात हे बी रुजले, तरी त्याचे रोप तग धरत नाही. वेलींचे शेणकाला घालून खत होते, परंतु ही वनस्पती पाण्यातील जड धातू शोषून घेते, म्हणून गटाराच्या तोंडाजवळच्या वेली खतात अथवा चाऱ्यात वापरू नयेत.

सर्वांत अवघड काम नाल्याचे आहे. गटाराचे पाणी शोषखड्ड्यांत वळवावे. ते पूर्ण जमले नाही, तर नाल्याच्या मुखाशी कर्दळीचा दाट पट्टा लावावा. त्याने नत्र-स्फुरद सगळे अडेल असे नाही, मात्र वेलींचा जोर निश्चित कमी होईल.

उत्तर 3 – पक्षिनिरीक्षक, नाशिक

काम मे महिन्यातच उरकावे, यासाठी माझेही एक कारण आहे. नांदूर मध्यमेश्वर या महाराष्ट्रातील पहिल्या रामसर स्थळी (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागी) पाहतो तसे कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या आपल्याकडील लहान तलावांतही येतात आणि पावसाळ्यात पाण्यावरच्या वनस्पतींत घरटी करतात. गणपतीनंतर पोकलेन घातला तर अंडी-पिल्ले त्याखाली जातात. तसेच मासेमारीची जाळी दुसऱ्या तलावातून येत असतील, तर ती वाळवून, झटकूनच पाण्यात उतरवू द्यावीत. पाणवेलीचा एक तुकडा पुरेसा असतो.

शिवारकर

सर्वांचा आभारी आहे. मे महिन्यातील काम आणि गटाराचा प्रश्न असे दोन्ही विषय ग्रामसभेत मांडतो. पावसाळ्यात काय करावे?

उत्तर 2

पहिल्या पावसानंतर महिनाभर काठाने दर आठ दिवसांनी फेरी मारावी. रोपे तेव्हा बोटभर असतात, हाताने उपटून टोपलीत मावतात. नाल्याच्या मुखाशी बांबू बांधलेला दोर आडवा सोडल्यास सुटी रोपे तेथेच अडकतील. हे किमान चार-पाच वर्षे करावे लागेल, म्हणून वर्गणी एकाच वर्षी खर्च करू नका. दोन मजुरांची दर पावसाळ्याची मजुरी बाजूला ठेवा.