कधीच पिचर नसलेला पिचिंग कोच : डेव्ह डंकन यांना कूपरस्टाउनमध्ये जागा मिळावी का?

धागाकर्ता :
अमेरिकेत कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मान-दालनात, खेळाडू (त्यात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारेही आले), मॅनेजर, अंपायर आणि संघांचे कारभारीही आहेत. निव्वळ कोच म्हणून केलेल्या कामासाठी मात्र तिथे कोणालाच घेतलेले नाही. हे दार उघडायचेच असेल, तर पहिला मान डेव्ह डंकन यांचा आहे, असे माझे मत आहे.

खेळाडू म्हणून त्यांचे नाव आज फारसे कोणी काढणार नाही. अकरा हंगाम कॅचिंग, फलंदाजीची सरासरी ०.२१४, होम रन १०९. पण कॅचरची जागा आपल्या यष्टिरक्षकासारखी दिसली, तरी पुढचा चेंडू कोणता आणि कुठे टाकायचा याची खूण बहुधा तोच करतो. १९७१ मध्ये ऑकलंडच्या व्हिडा ब्लू या पिचरने २४ सामने जिंकून (बेसबॉलमध्ये विजय-पराभव पिचरच्या नावावर लिहिले जातात) सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, तेव्हा त्या संघाचे मुख्य कॅचर डंकन होते.

पुढे कोच म्हणून त्यांच्या हाताखाली चार पिचरांनी तोच पुरस्कार जिंकला : शिकागो व्हाइट सॉक्सचे लमार हॉइट (१९८३), ऑकलंडचे बॉब वेल्श (१९९०) व डेनिस एकर्स्ली (१९९२) आणि सेंट लुइसचे क्रिस कार्पेंटर (२००५). मला त्याहून मोठे वाटते ते इतरांनी मोडीत काढलेल्या पिचरांचे पुनर्वसन. डेव्ह स्टुअर्ट यांना १९८६ मध्ये फिलाडेल्फियाने सोडून दिले होते. ऑकलंडला आल्यावर त्यांनी १९८७ ते १९९० अशी सलग चार वर्षे वीस किंवा अधिक विजय मिळवले. पिचर राहिलेला कोच नकळत स्वतःचीच शैली शिकवू लागतो. कॅचरकडे शिकवायला स्वतःची शैलीच नसते, त्यामुळे तो समोरच्याच्या हातात काय आहे ते आधी पाहतो. तक्ते मांडून फलंदाजांच्या सवयी अभ्यासायच्या, सिंकर (फलंदाजाजवळ येताना खाली बुडणारा चेंडू) खाली ठेवायचा आणि चेंडू जमिनीवरून क्षेत्ररक्षकांकडे जाऊ द्यायचा, हा डंकन यांचा खाक्या याच नजरेतून आला असावा.

प्रतिसाद १ :
मांडणी आवडली, निष्कर्ष पटला नाही. १९८३ पासून २०११ पर्यंत डंकन हे मॅनेजर टोनी ला रूसा यांच्याच सोबत होते. पिचर कधी बदलायचा, कोणाला कोणत्या डावात आणायचे, हे मॅनेजर ठरवतो. एकर्स्ली यांना क्लोजर (सामना संपवायला शेवटी येणारा पिचर) करून एकेका डावापुरते वापरण्याचे श्रेय नेमके कोणाचे, हे वेगळे काढणार कसे? अटलांटाचे पिचिंग कोच लिओ मॅझोनी यांचेही असेच गोडवे गायले जात. मॅडक्स, ग्लॅव्हिन, स्मोल्ट्झ यांचे ते गुरू. २००६ मध्ये ते बाल्टिमोरला गेले आणि दोन वर्षांत सारी जादू संपली. ला रूसा यांना २०१४ मध्ये कूपरस्टाउनमध्ये जागा मिळाली. त्यात डंकन यांचा वाटा आलाच, असे मी मानतो.

शिवाय ही किमया बहुतांशी अनुभवी पिचरांवरच चालली. रिक अँकिल या तरुण पिचरने २००० च्या प्लेऑफमध्ये एकाच डावात पाच वाइल्ड पिच (कॅचरला आवरता न येणारे भरकटलेले चेंडू) टाकले, त्यानंतर त्याची दिशा अशी हरवली की शेवटी त्याला पिचिंग सोडून आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागातला क्षेत्ररक्षक) व्हावे लागले.

प्रतिसाद २ :
मी बरीच वर्षे सेंट लुइसमध्ये राहतो, तेव्हा पक्षपात गृहीत धरावा. २००६ मध्ये जेफ वीव्हर हा पिचर एंजल्स संघाकडून ३ विजय आणि १० पराभव घेऊन इथे आला, तेव्हा आम्ही कपाळावर हात मारला होता. त्याच ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, निर्णायक पाचवा सामना त्यानेच जिंकून दिला. यातले सगळे मॅनेजरच्या खात्यात टाकणे मला जमणार नाही. आपल्याकडे आचरेकर सरांना द्रोणाचार्य पुरस्कार देताना त्यांच्या स्वतःच्या धावा कोणी मोजल्या नव्हत्या.

धागाकर्ता :
ला रूसा यांच्याशिवाय डंकन म्हणजे काय, या प्रश्नाला निदान एक उत्तर आहे. १९८२ मध्ये ते सिएटलचे पिचिंग कोच होते आणि मॅनेजर होते रेने लॅकमन, तेही जुने कॅचरच. त्या वर्षी सिएटलच्या फ्लॉइड बॅनिस्टर यांनी अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे २०९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) घेतले.

प्रतिसाद १ :
बॅनिस्टर हे १९७६ च्या ड्राफ्टमध्ये (संघांकडून होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) अगदी पहिल्या क्रमांकावर निवडले गेले होते. अशा पिचरच्या एका हंगामावरून कोचची परीक्षा होत नाही, आणि मोडीत निघालेल्यांना उभे करणारा कोच हा तुमचा मूळ मुद्दाही त्याने सिद्ध होत नाही. वीव्हरचे उदाहरण अधिक जड आहे, हे मान्य करतो. पण तोही पुढच्याच वर्षी सिएटलला गेला, म्हणजे फळ एका ऑक्टोबरचे. अँकिलबद्दल मात्र तुम्ही दोघांनीही काही लिहिलेले नाही.