मदत हवी आहे : इम्युलेटरमध्ये ४ जीबीवरची मेमरीची मागणी कापली जाते

नमस्कार. मी कोल्हापुरात नोकरी सांभाळून ६४ बिट रिस्क-फाइव्ह (एक प्रोसेसर प्रकार) लिनक्स प्रोग्रॅमसाठी सी भाषेत इम्युलेटर, म्हणजे ते प्रोग्रॅम दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर चालवणारा प्रोग्रॅम, लिहीत आहे. चाचणीसाठी शिरोलीच्या एका फाउंड्रीतील मित्राचा, कास्टिंग साच्यात कसे थंड होते याचे गणित करणारा प्रोग्रॅम वापरतो. घनाच्या प्रत्येक बाजूला ८१२ घरे ठेवली तर तो सुरळीत चालतो. ८१३ केली की सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे आपली नसलेली मेमरी वापरू पाहिल्यामुळे प्रोग्रॅम बंद पडतो. प्रत्येक घराला ८ बाइट लागतात, त्यामुळे या दोन आकारांच्या दरम्यान ४ जीबीची सीमा येते. मशीनमध्ये १६ जीबी रॅम आहे, म्हणजे तुटवड्याचा प्रश्न नाही.

लॉगप्रमाणे पाहुण्या (इम्युलेटरमध्ये चालणाऱ्या) प्रोग्रॅमची एममॅपची, म्हणजे मेमरी मागणाऱ्या सिस्टिम कॉलची, मागणी ४,२९,८९,४४,५१२ बाइटची आहे, पण होस्टकडे (खऱ्या मशीनकडे) फक्त ३९,७७,२१६ बाइट मागितले जातात. मध्ये आकार पानाच्या पटीत नेणारी एकच ओळ आहे : (आकार + पान − १) & ~(पान − १). ‘आकार’ ६४ बिटचा आहे. ‘पान’ म्हणजे मेमरीच्या एका पानाचा आकार, ४०९६ बाइट. ते आधी साधे इंट (चिन्हासह ३२ बिट पूर्णांक) होते, परंतु चिन्हबदलाच्या वॉर्निंग थांबवण्यासाठी मी ते ३२ बिट अनसाइन्ड (बिनचिन्ही) केले. आता कंपायलर गप्प आहे. मग आकार कुठे कापला जातो?

प्रतिसाद :
त्याच ओळीत, आणि तुमच्या त्या दुरुस्तीमुळेच. ~ ही बिट उलटवण्याची क्रिया ३२ बिटांतच होते, तिच्यातून वरचे २० बिट १ आणि खालचे १२ बिट ० असा मास्क मिळतो, आणि तो अनसाइन्ड असल्यामुळे ६४ बिटांत जाताना वरच्या ३२ जागी शून्ये भरली जातात; ती & मध्ये मागणीचा वरचा भाग पुसून टाकतात. इंट असताना मास्क −४०९६ होता, चिन्ह वरपर्यंत पसरत होते, म्हणून उत्तर बरोबर येत होते. ‘पान’ ६४ बिट अनसाइन्ड करा. संपूर्ण राशीला बाहेरून कास्ट (प्रकार बदलण्याची खूण) लावून उपयोग नाही, कारण तोवर बिट गेलेले असतात.

शिवाय २^६४ च्या अगदी जवळची मागणी बेरजेत उलटून शून्य होईल. लिनक्स कर्नल अशा वेळी ‘ईनोमेम’ (मेमरी नाही) ही त्रुटी देतो, तेच आपणही द्यावे. मेमरी परत करणारा एमअनमॅपही तपासा.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. ८१३ घरांचे गणित पूर्ण झाले. एमअनमॅपमध्ये हीच ओळ मी नक्कल करून ठेवली होती, त्यामुळे दुरुस्तीनंतरही ४ जीबी मेमरी मोकळी होत नव्हती, तीही बदलली.