डर्बीचा अर्ल: राजनिष्ठ की आपल्या मुलखाचा मालक?

सनदशीर:
‘निष्ठा असावी तर सातव्या डर्बीच्या अर्लसारखी’ हा बखरप्रेमी यांचा लेख वाचला. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजा-विरुद्ध-संसद यादवीत जेम्स स्टॅन्ली या सरदाराने (हाच तो सातवा अर्ल) राजासाठी घर, जहागीर आणि शेवटी मस्तक दिले, त्याच्या पत्नीने लँकेशायरमधली लॅथमची गढी झुंजवली, आणि अशी घराणी आता उरली नाहीत, असा त्याचा सूर आहे. इतका गोग्गोड इतिहास वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो.

लॅथमच्या वेढ्याचे श्रेय नवऱ्याच्या खात्यावर कसे जमा झाले, ते मला उमगलेले नाही. १६४४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मेअखेरीपर्यंत सुमारे तीनशे माणसांनिशी गढी राखली ती त्याच्या पत्नीने, शार्लट द ला त्रेमुईने. मेरी आणि कॅथरीन या मुली तिच्यापाशी होत्या. वेढा पडला तेव्हा अर्लसाहेब गढीत नव्हतेच. वेढा घालणाऱ्या संसदपक्षाच्या रिग्बीचा शरणागतीचा कागद तिने जासुदासमोर फाडून टाकला, आणि ज्या उखळी तोफेने गढीला जेरीस आणले होते, ती तिच्या शिबंदीने एप्रिलअखेरीस अचानक बाहेर पडून थेट आत ओढून आणली. ही बाई स्पेनच्या राजाविरुद्ध बंड करणाऱ्या ऑरेंजच्या विल्यमची नात होती. तिचा करारीपणा सासरहून आला असे म्हणणे धाडसाचेच.

सासरची परंपरा तर सर्वश्रुत आहे. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या रणात थॉमस स्टॅन्लीने, स्वतःचा मुलगा तिसऱ्या रिचर्डकडे ओलीस असताना, तळ्यात-मळ्यात करत फौज बाजूला उभी ठेवली आणि जिंकलेल्या सावत्र मुलाकडून, म्हणजे सातव्या हेन्रीकडून, अर्लपद पदरात पाडून घेतले. ज्या पदाचा उगमच असा, त्याच्या निष्ठेची आरती आम्ही किती ओवाळायची?

बखरप्रेमी:
पूर्वजाच्या पापाचा हिशेब पणतू-खापरपणतूंकडे मागायचा असेल, तर आपल्यापैकी किती जण सुटतील? शार्लटचे श्रेय मी नाकारलेलेच नाही. लेख पुन्हा वाचावा, म्हणजे निम्मे उत्तर तिथेच मिळेल.

१६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाल्यानंतर संसदेचा सेनानी आयर्टन याने जेम्सला, त्याच्या घराण्याच्या ताब्यातले, इंग्लंड-आयर्लंडमधले मॅन बेट सोपवण्याच्या बदल्यात निम्मी जहागीर परत देऊ केली. त्याचे उत्तर प्रसिद्ध आहे: पुन्हा असा निरोप पाठवलात, तर कागद जाळीन आणि आणणाऱ्याला फाशी देईन. राजपक्ष पुरता बुडालेला असताना लिहिलेले हे पत्र आहे. १६५१ च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा इंग्लंडात उतरला, विगन लेनला त्याची फौज कापली गेली, स्वतः जखमी झाला, तरी तो मारलेल्या राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स याच्या फौजेला मिळायला वूस्टरला पोहोचला. तिथल्या पराभवानंतर तरुण राजाला बॉस्कोबेलची लपण्याची जागा त्यानेच सुचवली, कारण काही दिवसांपूर्वी तो स्वतः तिथे लपला होता. पुढे तो अभयवचन घेऊन संसदेच्या फौजेतल्या कॅप्टन एज याच्या स्वाधीन झाला. चेस्टरच्या लष्करी न्यायालयाने ते वचन बिनदिक्कत झुगारले. वचनभंग कोणी केला, यावर सनदशीर यांनी एक ओळही खर्च केलेली नाही.

लँकेशायरवासी:
मी बोल्टनमध्ये राहते, म्हणून लिहिते. १५ ऑक्टोबर १६५१ रोजी अर्लचे डोके उडवले ते याच गावात, आणि ते का, हे दोघांनीही सोयीस्करपणे वगळले आहे. २८ मे १६४४ रोजी राजाचा भाचा आणि सेनानी राजपुत्र रूपर्ट याची फौज बोल्टनमध्ये घुसली, तेव्हा डर्बी तिच्यासोबत होता आणि गावात कत्तल झाली. सोळाशेपर्यंतचे आकडे सांगितले जातात. ते फुगवलेले आहेत हे मान्य. परंतु कत्तलच झाली नाही असे कोणीही शहाणा माणूस म्हणत नाही. आपल्या हातून तिथे निरपराधांचे रक्त सांडले नाही, असे तो वधस्तंभावर म्हणाला.

इथल्या एका जुन्या खानावळीत तो मरण्यापूर्वी बसला होता म्हणे, ती खुर्ची दाखवतात. माझे सासरे गेल्या वर्षी भारतातून आले होते, तेव्हा त्यांनी तिथल्या माणसाला विचारले, ‘आणि मेलेल्या गावकऱ्यांच्या खुर्च्या कुठे आहेत?’ उत्तर मिळाले नाही. बखरप्रेमी यांच्याकडे असल्यास द्यावे.

खोतपीडित:
कत्तल एका दिवसाची असते हो. जमीन पिढ्यान्‌पिढ्या जाते. मॅन बेटावरील शेतकऱ्यांची जमीन वहिवाटीने वंशपरंपरा त्यांची होती. ती दुसऱ्याच्या नावे करताना न्यायसभेत गवताची काडी हातात देत. तुमच्या या निष्ठावंताने ती पद्धत मोडून तीन हयातींच्या, म्हणजे ठरलेल्या तीन माणसांच्या आयुष्यापुरत्या, भाडेपट्ट्यांवर जमिनी घ्यायला भाग पाडण्याचा घाट घातला. मिरासदाराला उपरी करणे म्हणतात ते हेच.

माझे आजोबा कोकणात खोताकडे भात भरत. खोत गणपतीला गावजेवण घालायचा, सगळे त्याला देवमाणूस म्हणायचे, आणि त्याच देवमाणसाने आजोबांचे नाव कागदावरून कधी उडवले ते घरात कोणाला कळलेही नाही. त्यामुळे ‘उमदा सरदार’ हे शब्द दिसले की मी आधी विचारतो, कुळांचे काय केले? विल्यम ख्रिश्चन, म्हणजे इल्यम डोन, याने १६५१ मध्ये उठाव केला तो याच जमिनींच्या असंतोषातून. त्या वेळी काउंटेस, म्हणजे शार्लट, नवऱ्याच्या प्राणांच्या बदल्यात बेट द्यायची बोलणी करत होती. मग बेट कोणाचे होते, राजाचे की यांच्या घरचे?

बखरप्रेमी:
कोकणचा खोत इंग्लंडात नेऊन बसवण्याचा हा उद्योग थांबवावा. नवऱ्याच्या मानेवर सुरी असताना बायकोने बेट सोडायची तयारी दाखवली, यातही आपल्याला मालकी हक्क दिसतो? इल्यम डोन हा तिच्याच पगारावरचा खजिनदार होता, आणि शिपाई त्याच्या हाताखाली होते. खाल्ल्या मिठाला जागला नाही, एवढेच त्याचे शौर्य.

सनदशीर:
वाद इथवर आलाच आहे, तर शेवटही सांगा. आठव्या अर्लने, म्हणजे आपल्या हुतात्म्याच्या चार्ल्स या मुलाने, २ जानेवारी १६६३ रोजी मॅनमधल्या हँगो हिल या टेकडीवर त्या ख्रिश्चनला गोळ्या घालून मारले. राजेशाही परतून सर्वसाधारण माफीचा कायदा झालेला असताना हे केले, आणि राजाच्या प्रिव्ही कौन्सिलनेच, म्हणजे सल्लागार मंडळानेच, पुढे ते बेकायदा ठरवून ख्रिश्चनच्या मुलांना मालमत्ता परत करायला लावली. राजनिष्ठ घराण्याला राजाचा कायदा आपल्या बेटावर लागू होतो हेच मान्य नव्हते! आजही २ जानेवारीला त्या टेकडीवर लोक जमतात, ते ख्रिश्चनच्या नावाने.

लँकेशायरवासी:
राजाचेही कौतुक नको. जप्तीत गेलेल्या काही जमिनी डर्बींना परत देण्याचे विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांनी संमत केले, आणि दुसऱ्या चार्ल्सने त्यालाच मंजुरी नाकारली. हाच तो राजा, ज्याने हुंड्यात मिळालेली आपली मुंबई १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंडांवर कंपनीला देऊन टाकली. त्याच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा जेम्सने केली असेल, तर कीव येते.

बखरप्रेमी:
त्या जमिनींच्या विक्रीवर आठव्या अर्लची स्वतःची सही होती, म्हणून राजाने नकार दिला. एवढे तरी सांगायचे होते. मात्र घराण्याने ते विसरू दिले नाही. दहाव्या अर्लने १७३२ मध्ये नोझ्ली येथील वाड्याच्या दर्शनी भिंतीवर राजाचा तो नकार दगडात कोरून घेतला. निष्ठा म्हणजे लाचारी नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगणार?

खोतपीडित:
दगडावर आपल्या जमिनींचे रडगाणे कोरणाऱ्या याच दहाव्या अर्लने १७०४ मध्ये मॅनच्या शेतकऱ्यांना वंशपरंपरेचा हक्क कायद्याने परत दिला, हे आपण लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. हा एक डर्बी मला चालेल. फक्त त्याला शहाणपण सुचेपर्यंत आजोबा, वडील आणि थोरला भाऊ अशा तिघांच्या कारकिर्दी उलटाव्या लागल्या.

बखरप्रेमी:
जमिनीच्या बाबतीत जेम्स चुकला असेल; घ्या, मान्य. त्यासाठी तुमच्या खोतालाही माझ्या खात्यात टाका. वूस्टरचा रस्ता त्याने शेतसाऱ्यासाठी धरला होता, हे मात्र मला कोणीतरी पुराव्यानिशी दाखवावे.